लाल रेघेच्या वरची साखर

नको नको, खुर्ची नको, मी उभाच बरा. बसलो की उठवायला दोन माणसं लागतात सध्या... हा पट्टा दिसतोय ना कमरेला? हौस म्हणून नाही बांधलेला. आणि ही पिशवी पण राहू दे माझ्याच हातात, तिचं मागाहून सांगतो. आधी मला एक सांगा, घरखर्च कसा चालवावा हे पोरांना शिकवायला जाऊ नये, असं तुमच्यापैकी एकानं तरी मला वेळेवर सांगायचं की नाही? एवढी शहाणी माणसं रोज या वाचनालयात बसता, फुकटची वर्तमानपत्रं शेवटच्या ओळीपर्यंत वाचता, आणि एक जण बोलला नाही? 'बाबा रे, शिकवू नकोस, कंबर मोडून घेशील!' नाही ना बोललात? मग ऐका आता.

आमचे चिरंजीव आणि सूनबाई, दोघंही कमावतात. चांगलं कमावतात! नोकरीच्या शेवटच्या वर्षी मला मिळायचं ना, त्याहून जास्त त्या मुलीला पहिल्याच वर्षी! आणि महिना अर्धा सरला रे सरला की चिरंजीव स्वयंपाकघराच्या दाराशी हजर. "आई... जरा..." तुम्हाला सांगतो, त्या 'जरा'चं शेपूट किती लांब असतं ते आमच्या हिलाच ठाऊक. जातो कुठे पैसा? खोक्यांत! रोज एक खोकं यायचं घरी. तो खोकी आणणारा माणूस तर आमच्या हिला आईच म्हणायला लागला होता, जेवलात का विचारायचा! एके दिवशी खोक्यातून निघालं दुधाला फेस आणायचं यंत्र. म्हटलं, अरे, दूध गॅसवर ठेवून विसरलं की फेस फुकट येतो, आपल्याकडे आठवड्यातून दोनदा येतो! तर म्हणतो कसा, "बाबा, अर्ध्या किमतीत मिळालं, अर्धे पैसे वाचले!" वाचले? कुठे आहेत? नाही, वाचले म्हणतोस ना, मग ठेव इथे टेबलावर, बघू दे मला तरी वाचलेला पैसा कसा दिसतो! दोघं माझ्याकडे असे बघायला लागले की जणू यंत्र मीच मागवलंय.

आता मी कोण? जुन्या मंडळींना माहीत आहे, नव्यांसाठी सांगतो. पंपांच्या कारखान्यात जन्मभर स्टोअर सांभाळलं मी. चिठ्ठीशिवाय खिळा दिला नाही कोणाला! एकदा मोठे साहेब स्वतः आले. "अहो, एक बल्ब द्या, माझ्या केबिनमध्ये अंधार झालाय." म्हटलं, साहेब, चिठ्ठी. "अहो, अंधारात चिठ्ठी लिहू कशी?" म्हटलं, इथे उजेड आहे, इथे लिहा. लिहिली! सही करून दिली, मग बल्ब मिळाला. आणि स्टोअरचा माझा नियम एकच. प्रत्येक खणाला, प्रत्येक पिंपाला लाल रेघ. माल रेघेपर्यंत आला की नवा मागवायचा. रेघेच्या खाली गेला तर स्टोअरकीपरनं तोंड लपवून फिरावं. लग्न झालं तशा घरातल्या काचेच्या बरण्यांवरही मारल्या मी लाल रेघा, चांगल्या ऑइलपेंटनं. हिला वाटलं, नवरा बरण्यांवर नक्षी काढतोय, रसिक दिसतोय! आठवड्याभरात भ्रम फिटला बिचारीचा.

तर एका रविवारी सकाळी चहा चाललाय आणि चिरंजीव कपाकडे बघत म्हणतात, "बाबा, आम्ही एक घर बघितलंय. भाड्याचं. हिच्या ऑफिसजवळ." झालं. ही उठली आणि धुतलेले कप परत धुवायला लागली. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, मुलींच्या वसतिगृहावर मोठी बाई होती, निवृत्त झाल्यापासून आमच्याकडेच असते, तिनं चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. आणि मी? स्पष्ट सांगतो, मला ते जायला नको होते. पण असं तोंडानं म्हणतं का कोणी? बापानं काय म्हणायचं असतं? "घर बघितलंत, पण घर चालवता येतं का?" झालं, तोंड उघडलं की ते काही थांबत नाही माझं. म्हटलं, एक महिना हे घर तुम्ही चालवा. पाच माणसं, ठरावीक पैसे. महिनाअखेर काही उरलं तर खुशाल जा, सामान मी स्वतः वाहून नेईन! आणि मधेच आईकडे 'जरा' करत आलात, तर वर्षभर त्या घराचं नाव काढायचं नाही. आणि कसं चालवायचं, ते मी शिकवीन! पुढे जे काय झालं ना, ते शिकवलं कोणी? मीच!

मग काय, रोज जेवणं झाली की वर्ग. पगार हातात आला की आधी बाजूला काढायचं, मग खर्चाला हात घालायचा, 'उरलं तर बघू' म्हणणाऱ्याचं कधी उरत नाही... गरज कुठली आणि हौस कुठली ते आधी ठरवायचं... वस्तू संपल्यावर धावत सुटणारा नेहमी महागात घेतो, म्हणून रेघ सांभाळायची... चिरंजीव जांभया देतायत. कारखान्यातसुद्धा माझ्या भाषणाला लोक जांभया द्यायचे, त्याचं काही नाही. पण सूनबाई! डोळे मोठे करून ऐकणार, आणि विचारणार काय? "बाबा, तुम्ही दोन वर्तमानपत्रं घेता. ती गरज की हौस?" म्हटलं, अगं, एकात एक बाजू छापतात, दुसऱ्यात दुसरी. "पण बाबा, वाचनालयात दोन्ही बाजू फुकट वाचायला मिळतात ना?" बंद! दोन्ही बंद! म्हणून तर तुम्हाला रोज सकाळी माझं तोंड बघावं लागतं इथे. मग वळली ताईकडे. ताईचं ते शब्दकोड्यांचं साप्ताहिक. "आत्या, मागच्या अंकातली कोडी सुटली सगळी?" "नाही बाई, दोन राहिलीत." "मग ती सुटेपर्यंत नवा अंक नको." वसतिगृहभर मुलींना नुसत्या चष्म्यावरून बघून गप्प करणारी माझी बहीण... गप्प! शिकवलं कोणी? मीच!

एका रात्री वर्ग सुटला, सगळे झोपायला गेले, ही पोरगी मात्र बसून. म्हणाली, "बाबा, माझे बाबा ट्रक चालवायचे. महिना संपत आला की आमच्या घरात सगळे हळू बोलायचे. कोणी काही मागू नये म्हणून. उरलेले पैसे मी कधी बघितलेच नाहीत. एकदा बघायचेत." तुम्हाला सांगतो, ती माझी टेबलावरची थट्टा मलाच बोचली. हातात पैसा आला की पोरगी उधळते असं मला वाटत होतं. तिला तो उरतो हेच कोणी दाखवलेलं नव्हतं!

असो. महिना अर्धा सरला. सकाळी चहा करायला गेलो, साखरेची बरणी उचलली आणि काय बघतो? साखर रेघेच्या खाली! बोटभर खाली! मी डोळे मिटून घेतले. स्वतःला म्हटलं, अरे, तुला काय करायचंय? जाऊ दे खाली! हरू देत, राहतील वर्षभर घरात, हेच हवंय ना तुला? गप्प बस. बसलो गप्प. पण करणार काय गप्प बसून? वर्तमानपत्र बंद! बरणीकडेच बघत बसलो. आणि हात शिवशिवायला लागले हो... जन्मभराची खोड ती, रेघेखालचा माल बघितला की मला घास जात नाही. शेवटी चपला घातल्या. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे नाही गेलो, तो बडबड्या. दोन गल्ल्या सोडून पलीकडे गेलो. अर्धा किलो साखर घेतली, गुपचूप आणून बरणीत ओतली, वरून चमच्यानं सारखी केली. तेव्हा कुठे जिवात जीव आला. मग तेल. मग तांदूळ. मग कपड्यांचा साबण. स्वतःच्या घरात चोरासारखा हिंडायचो मी, फरक एवढाच की चोर वस्तू नेतो आणि मी आणून ठेवायचो!

आणि गंमत बघा. मी घातली अर्धा किलो साखर, चार दिवसांनी बघतो तर बरणी गळ्यापर्यंत भरलेली! संशय यायला हवा होता की नाही? स्टोअरकीपर ना मी? तर मला काय वाटलं माहीत आहे? मला वाटलं, वा! काय काटकसर शिकली पोरं! काय शिकवतो मी!

एका दुपारी गेलो त्या पलीकडच्या वाण्याकडे. तो गालातल्या गालात हसतोय. "काका, आज पण साखर?" म्हटलं, पाहुणे आहेत. "असणारच, असणारच..." आणि तेवढ्यात मागून आवाज, "अहो भाऊ, अर्धा किलो साख—" वळलो तर ही! पिशवी लपवलेली पाठीमागे! म्हटलं, तू इथे काय करतेस? "तुम्ही काय करताय?" मी फिरायला आलोय. "वाण्याच्या दुकानात फिरायला?" आमचं हे चाललंय, तोवर आत पोत्यांच्या मागे स्टुलावर कोणीतरी खाकरलं. ताई! मांडीवर पिशवी! "छोट्या, तू गप्प बस. मी मोठी आहे, साखर मी आणणार." साठी उलटली माझी, वाण्यासमोर छोट्या! आणि वाण्यानं हात जोडले. "काका, काकू, आत्या... तिघांनीही मला शपथ घातली होती, कोणाला सांगायचं नाही, मी नाही सांगितलं. पण आता एक करा, आपसात ठरवून येत जा हो. दर वेळी साखर मधेच संपते, मला माल किती मागवायचा तेच कळेनासं झालंय!" बघा! आमच्या बरणीची रेघ सांभाळता सांभाळता त्या गरिबाची रेघ बुडवली आम्ही!

रस्त्याच्या कडेला आमची सभा भरली. ही म्हणते, "पोरगी ऑफिसातून दमून येते, तिच्या हातात काय बिनसाखरेचा चहा देऊ?" ताई म्हणते, "बायकोसमोर माझा भाचा हरलेला मला बघवणार नाही." आणि तुम्ही, असं मला विचारलं तर मी काय सांगणार... रेघ! मग हीच हळूच म्हणाली, "अहो, पण असं त्यांचं उरलं, तर जातील ना ती." तिघं म्हातारी, तीन पिशव्या, आणि रस्त्यावरून जाणारी माणसं आम्हाला वळसा घालून जातायत. शेवटी ताईनं निकाल दिला. "आजपासून बंद. कोणी काही आणायचं नाही." बंद म्हणजे बंद! "आणि ही आता आणलीय ती?" "आता आणलीच आहे तर घाला."

महिना संपला. टेबलावर पैसे ठेवले त्यांनी. मी मोजले नाहीत, पण गठ्ठा बरा दिसत होता. चिरंजीव पाय लांब करून बसले आणि मला, मला हो, समजावायला लागले! "बाबा, त्यात विशेष काही नाही, माणसाला थोडी शिस्त पाहिजे, बस्स. लोकांना नियोजनच जमत नाही!" शिकवलं कोणी? मीच! सूनबाई मात्र... त्या पैशांवर तिनं नुसता हात ठेवला, मांजराच्या पिल्लावर ठेवावा तसा. मग म्हणाली, "उरले बाबा. एक वस्तू रेघेखाली गेली नाही. तुमची रेघ खरी आहे." आणि डोळे भरले तिचे.

आता बघा, एका वाक्याचं काम होतं. 'पोरी, ती साखर आम्ही घातली.' बस्स, वर्षभर राहिली असती दोघं घरात. तोंड उघडलंसुद्धा मी! टेबलाखालून हिनं माझ्या एका पायावर पाय दिला. दुसऱ्यावर ताईनं. दोघींची वजनं तुम्हाला ठाऊक आहेत. पण खरं सांगू? त्या पायांनी नाही मी थांबलो. ती पोरगी त्या पैशांकडे ज्या नजरेनं बघत होती ना... कसं सांगणार? तोंड तर उघडून बसलो होतो, काहीतरी म्हणायलाच हवं होतं. म्हटलं, "शाबास!"

मग गेली. शब्द दिला होता, सामान मी वाहीन. तिसरा मजला, लिफ्ट नाही! चिरंजीव म्हणतायत, "बाबा, हमाल बोलावू या." म्हटलं, हमाल गरज की हौस? आहे ना मी! कपाट उचललं, एका बाजूला तो, एका बाजूला मी, दुसऱ्या वळणावर कटकन आवाज आला. मला वाटलं, गेलं कपाट. कपाट धडधाकट होतं.

वर नेऊन बसवलं मला त्यांच्या स्वयंपाकघरात, भिंतीला टेकवून. समोर फळीवर नव्या कोऱ्या बरण्या, आणि प्रत्येक बरणीवर लाल रेघ. माझ्या रेघा जाडजूड, ओघळलेल्या; या नाजूक, सरळ. "ऑइलपेंट नव्हतं बाबा, नेलपॉलिशनं काढल्या." मी खिडकीकडे तोंड केलं थोडा वेळ. कंबर दुखत होती म्हणून... नाही, जाऊ द्या, कंबरेचं नव्हतं ते.

आणि परवा फोन. चिरंजीव! आवाज पडलेला. "बाबा, काहीतरी गडबड आहे. हिशोब तोच, शिस्त तीच, सगळं तिथल्यासारखंच करतोय. पण बाबा... इथली साखर संपते!" म्हटलं, संपते म्हणजे? "म्हणजे चहात घातली की बरणीतली कमी होते हो! तिकडे नव्हती होत!"

फोन ठेवला. ही म्हणाली, जरा भाजी बघून येते. ताई म्हणाली, मैत्रिणीकडे जाऊन येते. मी म्हटलं, मी वाचनालयात. अर्ध्या तासात हा पट्टा बांधून, ही पिशवी धरून, मी त्यांच्या जिन्यात! दुसऱ्या मजल्यावर पायरीवर ताई बसलेली, धापा टाकत, मांडीवर पिशवी. "तू हो पुढे, छोट्या." वर पोचलो तर दार उघडं आणि आत ही! मागोमाग ताईही पोचली. ओट्यावर तीन पिशव्या साखर, समोर आम्ही तिघं रांगेत, शाळेत उशिरा आल्यासारखे. सूनबाईची सुट्टी होती. तिनं चहा केला, तिघांना दिला. बिनसाखरेचा! "साखर संपलीय बाबा, पगार परवा आहे." अहो, समोर तीन पिशव्या साखर आणि आम्ही बिनसाखरेचा चहा पितोय!

मग शांतपणे म्हणाली, "बरणी आपोआप भरत नाही हे इथे आल्यावर कळलं, तेव्हाच सगळं कळलं मला. ह्यांना नाही सांगितलं. ते ऑफिसात लोकांना नियोजनावर भाषणं देतात, देऊ देत. पण या पिशव्या परत न्या. बाबा, बरणी रिकामी झाली तर होऊ द्या ना. त्याशिवाय रेघ कुठे काढायची ते मला कसं कळणार?" आणि बरणी पुढे केली माझ्यापुढे. रेघ पुसून तिनं दोन बोटं वर काढली होती. बरोब्बर! त्या घराच्या खपाला जिथे हवी तिथे! जन्मभर स्टोअरमध्ये पोरं तयार केली मी, एकालाही हे आपणहून सुचलं नाही. शिकवलं कोणी? मी... नाही हो. हे मी नव्हतं शिकवलं.

तर आलो परत. जेवढी साखर वर चढवली तेवढीच खाली उतरवली, तीन मजले. आता घरी आम्ही तिघं. त्यातल्या दोघांना डॉक्टरांनी साखर बंद केलेली! रोज सकाळी बरणी उचलून बघतो मी. काठोकाठ. कालही तेवढीच, आजही तेवढीच, रेघ आपली कुठल्या कुठे खाली. कोणी 'आई, जरा' म्हणून दाराशी येत नाही, खोकीवाला येत नाही, त्या दिवशी ही म्हणालीसुद्धा, तो जेवतो की नाही कोण जाणे... स्टोअरमध्ये सगळ्यात वाईट माल कुठला, सांगा बघू? संपलेला? छे! संपलेला मागवता येतो. वाईट तो, जो उठत नाही.

म्हणून ही पिशवी. साखर आहे. घ्या कोणीतरी... अहो, तुम्ही घ्या, तुमच्याकडे नातवंडं येतात ना, सरबत करून द्या. धरा हो, कंबरेत कळ येतेय माझ्या... काय म्हणालात? छे छे. चिठ्ठी नको. अशीच न्या.